मला कुणी ओढून नेले नाही

मी, निकिता दत्तोबा शेंडगे, वय २३ वर्षे, व्यवसाय दूध संकलन केंद्रात नोकरी, राहणार शेंडगेवस्ती, अंथुर्णे, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. आज आई रंगूबाई हिच्यासोबत पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

मी सातवीत असल्यापासून निमगाव केतकी येथील राम मारकड, वय ५४, यांच्या तालमीत कुस्ती शिकते. त्यांना आम्ही सर्व मुली वस्ताद म्हणतो. मी ज्या रिॲलिटी शोमध्ये खेळत होते त्याचे निर्माते ज्ञानेश कुलथे यांनी वस्तादांविरुद्ध दिलेली तक्रार मला आज येथे वाचून दाखवण्यात आली. वस्तादांनी मला वाईट हेतूने धरले व माझ्या मर्जीविरुद्ध ओढून नेले असे त्यात लिहिले आहे. ती तक्रार माझ्या नावाने देताना ज्ञानेश कुलथे यांनी मला विचारले नव्हते. त्या वेळी मी दवाखान्यात होते. तक्रार खोटी आहे.

मोबाईलवर दाखवल्या जाणाऱ्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या रिॲलिटी शोसाठी माझी निवड झाली होती. या खेळात ठोसा, लाथ व कुस्ती तिन्ही चालते व लढत जाळीच्या पिंजऱ्यात होते. शूटिंग बारामतीबाहेर भाड्याने घेतलेल्या एका शेडमध्ये चालू होते. खेळाडूंचे दोन संघ होते. एका संघाचे कोच पुण्यात जिम चालवणारे विजयसिंह काटकर व दुसऱ्या संघाचे कोच आमचे वस्ताद. मी व भिगवणची मनिषा वाघमोडे अशा दोघी वस्तादांच्या संघात होतो.

दोघा कोचमध्ये काही वाद होता का, असे विचारल्यावरून सांगते की, वाद नव्हता, पण शिकवण्यात फरक होता. कुलूप लागले की, म्हणजे समोरच्याने हात किंवा पाय पिळून धरला की, जमिनीवर हात आपटून हार मान्य करता येते. विजयसिंह त्यांच्या मुलांना सांगत, "माझ्या टीममध्ये कुणी हात आपटणार नाही." ते कॅमेऱ्यात छान दिसायचे. वस्तादांनी आम्हाला सर्वांत आधी हात आपटायलाच शिकवले. मला लाज वाटायची, मी उशिरा आपटायचे. त्यावर ते म्हणाले, "हात मोडून घेतलास तर उद्या केंद्रावर कॅन कोण उचलणार हाय? मी येऊ का?" वजन उतरवण्यासाठी विजयसिंह पाणी बंद करायला लावत. आमच्या संघात कोणी पाणी टाळले तर वस्ताद तांब्या घेऊन समोर बसत.

एकदा कॅमेऱ्यासमोर दोघांना विचारले होते की चांगला कोच कसा ओळखायचा. विजयसिंह बराच वेळ बोलले. वस्ताद म्हणाले, "त्ये मला नगा इचारू. धा वर्सांनी पोरींस्नी इचारा." हे दाखवले नाही. त्यांनी शड्डू ठोकून ओरडावे असे ज्ञानेश यांनी त्यांना सांगितले होते. वस्तादांनी एकदा ठोकला, दुसऱ्यांदा ठोकला नाही.

शेवटच्या लढतीच्या आधी सरावात माझ्या कानशिलावर गुडघा बसला. मी खाली पडले. नंतर मला दोनदा उलटी झाली व ट्यूबलाइटचा उजेड सहन होईना. शोमध्ये डॉक्टर म्हणून जो इसम होता, त्याने डोळ्यांत टॉर्च मारून एक गोळी दिली व खेळायला हरकत नाही असे सांगितले. वस्तादांनी मला खाटेवर बसवून पुन्हा पुन्हा आदल्या दिवसाचे जेवण काय होते ते विचारले. मला सांगता आले नाही. त्यांनी माझ्यासमोर ज्ञानेश यांना सांगितले, "ही पोर खेळणार न्हाय. हिला बारामतीला दाखवून आणतो."

ज्ञानेश म्हणाले, "मारकड, फायनल तिच्यावर उभी आहे. गावाकडची मुलगी, धनगराची लेक, सगळं प्रमोशन तिचं झालंय."

वस्ताद म्हणाले, "मग पोस्टर उभं करा पिंजऱ्यात."

नियमाप्रमाणे कोचने नाही म्हटले तर खेळाडू उतरत नाही. म्हणून ज्ञानेश यांनी मला दवाखान्यात नेऊ दिले नाही, दुसऱ्या दिवशी संघांत अदलाबदल जाहीर केली व मला विजयसिंह यांच्या संघात टाकले. मला त्यांनी सांगितले, "तुझ्या वस्तादनेच तुला सोडलंय, म्हणाला पोरगी नाटकं करते." वस्तादांना सांगितले की निकिताने स्वतःच कोच बदलून मागितला. ही दोन्ही बोलणी खोटी होती, हे आम्हा दोघांना दवाखान्यात समजले. तोपर्यंत आम्ही यावर एकमेकांशी बोललो नव्हतो. दहा-अकरा वर्षे ज्यांच्या हाताखाली मी मातीत लोळले, ते मला नाटकी म्हणाले असतील यावर मी विश्वास ठेवला. रागात खेळायला तयार झाले. विजयसिंह यांना उलटीचे माहीत होते. मी स्वतः सांगितले होते. ते म्हणाले, "चॅम्पियन उलट्या करूनच होतात."

लढत मनिषासोबत होती. पहिल्या फेरीत तिने माझ्या डोक्याला हात लावला नाही, फक्त पायावर लाथा मारल्या व मिठी घालून मला जाळीला दाबून ठेवले. कानाजवळ म्हणाली, "निके, खाली पड ना बाई. पड आणि हात आपट." मी ऐकले नाही. फेरी संपल्यावर ज्ञानेश तिच्यावर ओरडले की ही फुगडी बंद करा.

दुसऱ्या फेरीत मीच पुढे गेले व तिचा ठोसा माझ्या त्याच कानशिलावर बसला. मनिषाचा यात दोष नाही, हे स्पष्ट लिहून घ्यावे. त्यानंतरचा काही भाग मला आठवत नाही. जो आठवत नाही तो मी सांगत नाही. मी उभी होते पण हात खाली गेले होते, असे मनिषाने मला नंतर सांगितले. तिने स्वतः हात मागे घेतले व ती बाजूला सरकली. पंचाने लढत थांबवली नाही, तो ज्ञानेश यांच्याकडे बघत राहिला. लढत थांबवा अशी खूण म्हणून वस्तादांनी बाहेरून टॉवेल आत टाकला. तुम्ही आता तिचे कोच नाही, असे म्हणून तो कोणी मानला नाही.

मला जे आठवते ते असे. विजयसिंह यांचा आवाज येत होता, "हात वर, हात वर, कॅमेरा तुझ्यावर आहे." मग पिंजऱ्याच्या दाराची कडी वाजली. वस्ताद माझ्यासमोर आले व म्हणाले, "निकिता, मला वळखतीस का?" मी व्हय म्हणाले. ते म्हणाले, "झालं मग. चल घरी."

वस्तादांनी तुम्हाला कोठे धरले, असे विचारल्यावरून सांगते की, एक हात पाठीमागून खांद्याला व एक गुडघ्याखाली. आमच्यात आजारी मेंढरू उचलतात तसे उचलले. पुन्हा तेच विचारल्यावरून पुन्हा तेच सांगते. आणखी कोठेही हात लावला नाही. तालमीत डाव शिकवताना ते पोरींना काठीने दाखवतात, हात लावायचा असेल तर आधी विचारतात. हे निमगावातल्या कोणत्याही मुलीला विचारावे.

शोवाल्यांनी मोबाईलवर पसरवलेल्या क्लिपमध्ये मी "सोडा मला" असे ओरडताना दिसते. त्याबाबत विचारल्यावरून सांगते की, ते मी वस्तादांना म्हणाले नाही. वस्ताद मला उचलून दाराकडे निघाले तेव्हा शोमधील दोन मुलांनी माझे मनगट धरून मला मागे खेचले. त्यांना मी सोडा म्हणाले. ज्याने धरले त्याच्या हातात जाड कडे होते, त्याचा वळ माझ्या मनगटावर उठला होता व तो दवाखान्यात नोंदवलेला आहे. वस्ताद हातात काही घालत नाहीत. क्लिप तेवढ्या जागी कापली आहे व वस्तादांचा चेहरा लावून माझा आवाज त्यावर घातला आहे. ज्ञानेश यांना मारले का, असे विचारल्यावरून सांगते की, त्यांनी दारात वस्तादांची कॉलर धरली. वस्तादांच्या दोन्ही हातांवर मी होते. ते खांद्याने वाट काढून पुढे गेले व ज्ञानेश खाली बसले. दोन्ही हात गुंतलेला माणूस मारहाण कशी करतो, ते तक्रारीत लिहिलेले नाही.

वस्तादांनी मला मनिषाच्या भावाच्या पिकअपमधून बारामतीच्या दवाखान्यात नेले. मनिषा हातातले ग्लोव्हज न काढता गाडीत बसली होती. तपासणीत डोक्यात रक्त साकळल्याचे निघाले. तिथल्या डॉक्टरांनी आईला सांगितले की अजून एक मार बसला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. शोमधून दवाखान्यात कोणी आले नाही. विजयसिंह यांनी फोन केला नाही.

मी दवाखान्यात असतानाच "कोचने ओलांडली मर्यादा" असे नाव देऊन ती क्लिप सगळीकडे पसरवली. अंथुर्ण्यात, निमगावात, वालचंदनगरच्या कॉलनीत, सगळ्यांच्या मोबाईलवर ती आली. मुलींचे तालमीत येणे घरच्यांनी बंद केले. वस्तादांच्या पत्नी तानूबाई यांना बाजारात बायकांनी त्या क्लिपबद्दल तोंडावर विचारले. वस्तादांनी मला निरोप पाठवला, "तू बरी हो, बाकी बघू." त्यांनी कोणाकडे खुलासा केला नाही. तो मी आज करत आहे.

मी घरी आल्यावर ज्ञानेश वस्तीवर आले होते. ते म्हणाले, "तू काही बोलू नकोस. पुढच्या सीझनला तुला कोच करतो." आईने त्यांना विचारले, "माझ्या लेकीला उजेड सोसंना झालता, त्ये तुमच्या मोबाईलात दाखवलं का?" ते गाडीत जाऊन बसले.

मला डॉक्टरांनी वर्षभर खेळायला मनाई केली आहे. पुढे खेळता येईल की नाही हे अद्याप सांगितलेले नाही. मी येथे चालत आले आहे व माझे नाव, गाव मला सांगता येते. ते वस्ताद पिंजऱ्यात आल्यामुळे.

माझी राम मारकड यांच्याविरुद्ध काहीही तक्रार नाही. माझी तक्रार ज्ञानेश कुलथे व विजयसिंह काटकर यांच्याविरुद्ध आहे. जखमी असल्याचे माहीत असून त्यांनी मला खोटे सांगून लढतीस उतरवले व माझा आवाज वापरून निर्दोष माणसाची बदनामी केली. न कापलेले संपूर्ण चित्रीकरण ताब्यात घ्यावे. मनिषा वाघमोडे बाहेर बसली आहे, तिला कोणी बोलावलेले नाही, तिचाही जबाब घ्यावा. वस्ताद सकाळपासून बाकावर बसून आहेत, त्यांना घरी जाऊ द्यावे.

वरील जबाब मला आईसमक्ष मोठ्याने वाचून दाखवला. त्यात दोन ठिकाणी माझा उल्लेख "पीडित मुलगी" असा झाला होता. ते शब्द मी खोडायला लावले, तेथे "पैलवान निकिता शेंडगे" असे लिहून घेतले व खोडलेल्या प्रत्येक जागी सही केली. आता तो मी सांगितला तसा आहे आणि खरा आहे.

(सही) निकिता दत्तोबा शेंडगे

समक्ष: (डाव्या हाताचा अंगठा) रंगूबाई दत्तोबा शेंडगे