टेबलात कोंडलेला सांगावा

टाइपरायटर पोटात दडवणारं टेबल पाहिलंय का कुणी? लढाईच्या काळात तासगावात आमच्या वकीलसाहेबांकडे होतं. मी त्यांचा टायपिस्ट. काम झालं की मशीन आत ढकलायचं आणि वर फळी लावायची.

कडेगावच्या एका म्हातारीचा लेक लढाईत बेपत्ता होता. मी पलटणीला पत्र टाइप केलं आणि तिच्यासमोरच मशीन आत घातलं.

महिन्यानं ती परत आली. टेबल बघून म्हणाली, "आवं, ह्येला कोंडून घातलंय व्हय? मग माझ्या लेकाचा सांगावा कुठनं यील?"

सांगावा टपालानं येतो, हे सांगायला जीभ रेटली नाही. मी फळी उचलली.

संध्याकाळी साहेब खेकसले, "धूळ बसेल मशीनवर, मिटा ते!"

म्हटलं, "बसू दे, साहेब. म्हातारीचा सांगावा यायचाय अजून."