टी-शर्टवर काढलेलं नाव

टी-शर्टवर नाव काढून देत नाही म्हणून तुम्ही माह्यावर रागावता ना, तर आज ऐकूनच घ्या.

दिघोरीची एक बाई आली होती माह्या लाखनीच्या भरतकामाच्या दुकानात. नवरा तलावात मासोळ्या धरायचा, नुकताच वारला होता. त्याचा टी-शर्ट पुढे ठेवून म्हणाली, "बाई, छातीवर याचं नाव काढून दे. फक्त धुवू नोको."

"नाही धुवत," मी म्हटलं.

ताणणारा कपडा मशीनखाली गोळा होते. म्हणून आतून कागद चिकटवला, रिंगमध्ये जास्त ओढला नाही, टाके रुतू नयेत म्हणून वरून पाण्यात विरघळणारी पन्नी ठेवली. नाव इतकं सपाट बसलं की मलेच बरं वाटलं. मग रोजच्या सवयीनं पन्नी काढाले शर्ट बादलीत बुडवला. मासोळीचा वास आला, तर थोडा साबणही लावला.

दुसऱ्या दिवशी बाई आली. तिनं शर्ट नाकाशी नेला.

"नाव बराबर काढलं बाई," ती म्हणाली. "पण शर्ट आता कोणाचाही आहे."