साहेबीणबाईंचा कोट

रोमानियातल्या कोलोझवार शहरात, बसथांब्यावर माझ्यापुढे आमच्याच गावच्या मायलेकी उभ्या होत्या. आई लाल घागऱ्यात, लेक शहरी जॅकेटात.

"आई, राग आलाय?"

"कशाचा गं, रेबी?"

"काल माझ्या घरभरणीला आमच्या ऑफिसातल्या साहेबीणबाईंनी तुझ्या हातात कोट दिला."

"मग टांगला की मी. मिठाची खाण बंद पडल्यापासून आपल्या हंगेरियन बाया इथं धुणीभांडीच करतायत. लाल घागरा दिसला की त्यांना कामवालीच वाटणार."

"त्यांनी मला विचारलं, कामाला नवी ठेवलीस का?"

"रोमानियनमध्ये होय? मला कुठलं कळायला. मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

बस आली. म्हातारीनं टोपली उचलली.

"आई, नाताळला येशील ना?"

"येईन की. कुणी यायचं असेल तर आधी सांग, मी आत स्वयंपाकघरात बसेन."