मोठ्या सुनेचा चुडा

(जानेवारी १९७४, लकडगंज. मनकर्णाबाईंच्या ओसरीत सकाळचं ऊन. बांगड्या भरणारी प्रयागबाई त्यांच्यासमोर टोपली उघडून बसलेली. धाकटी जाऊ गोपिका लगबगीनं येते.)

गोपिका : मावशी, तुम्ही इकडे कशा? तिकडे मांडवात पंधरा बायका हात धुऊन बसल्या आहेत.

प्रयागबाई : बसू दे. पळून नाई जात त्याईचे हात. लगनाचा चुडा घरच्या मोठ्या सुनेपासून भरा लागते. तुह्या पोरीचं लगन हाय म्हनून रीत बदलन काय?

गोपिका : तसं नाही हो. बाईंना बरं नाही. डॉक्टरांनी आराम सांगितला आहे.

मनकर्णा : मले? कोणत्या डाक्टरनं वं? माह्या डाक्टरनं तं सांगतलं, हातपाय हलवत राहा, नाही तं लाकूड होशीन. आधीच लाकडाच्या टालापाशी घर. कोणी उचलून आरा मशीनवर ठेवलं म्हणजे?

गोपिका : बाई, तुम्हाला प्रत्येक गोष्टीची थट्टा सुचते.

प्रयागबाई : आन वं हात इकडं. अवं माय! हा हात हाय का पाटा? अंगठा मुडपूनच नाई राहिला.

मनकर्णा : दोन वर्सं झाली. पहिले थंड्या पाण्यात हात घातला का बोटं पांढरी व्हायची, मंग निळी, मंग लाल. होळीच्या आधीच माही होळी. मले वाटलं थंडी हाय. मंग कातडी अशी ताणत गेली, जसं ढोलकीवर चामडं. आता मूठबी वळत नाही.

प्रयागबाई : आन हे तोंड? शेचाळीसची झाली तू, एक सुरकुती नाई.

मनकर्णा : मोहल्ल्यातल्या बाया विचारून राहिल्या, कोणती क्रीम लावतं? म्या सांगतलं, फुकटची हाय, पण आतून लागते. हे पाह्य, दोन बोटांच्या वर तोंड उघडत नाही. संत्र्याची फोड सोलून चोखतो. आमचे हे म्हणते, लगनाले तीस वर्सं झाल्यावर देवानं माह्यं ऐकलं, तुह्यं तोंड लहान केलं.

प्रयागबाई : मुडदा गेला त्याचा!

मनकर्णा : मंग मोरीत जाऊन रडत होते. मले वाटलं, नळ चालू राहिला.

प्रयागबाई : जेवतं काय मंग?

मनकर्णा : पातळ भात. भाकर छातीत अटकते, तांब्याभर पाणी ढकला लागते. रात्री आंबट वर येते म्हणून डाक्टरनं खाटीच्या उशाकडून विटा लावायले सांगतल्या. आता मी झोपत नाही वं, घसरगुंडीवर असतो.

गोपिका : मावशी, झालं ना? चला आता. आणि हात तेवढे साबणानं धुऊन घ्या.

प्रयागबाई : काहून?

मनकर्णा : सांग ना वं, काहून? पोटात ठेवशीन तं तुलेबी आंबट वर येईन.

गोपिका : वर्ध्याचे पाहुणे काल उतरले. त्यांच्या कानावर कोणीतरी घातलं, नवरीच्या मोठ्या आईची बोटं वाकडी झाली, चेहरा असा झाला. म्हणजे... तो रोग.

प्रयागबाई : कोन्ता? बोल ना. नाव घेतल्यानं लागत नाई.

गोपिका : महारोग. नवऱ्या मुलाची आत्या म्हणाली, ती बाई मांडवात नको, नाहीतर आम्ही परत जातो. मी काय करणार होते, बाई? उद्या अक्षता आहेत.

मनकर्णा : तू काय म्हटलं त्याईले?

गोपिका : म्हटलं, त्या येणार नाहीत.

मनकर्णा : मले न विचारता?

गोपिका : पोरगी माझी आहे.

मनकर्णा : हो ना. तीन वर्सं माह्या मांडीवर मुतली, तवा नाही म्हटलं तुनं, माही हाय म्हणून.

प्रयागबाई : थांबा, थांबा. माह्या सख्ख्या काकाले होता महारोग. चुलीतला इंगळ बोटावर पडला तं त्याले खबर नाई. मनकर्णे, तिकडं पाह्य जरा.

मनकर्णा : आई गं! अवं मेले, तुह्या बांगड्यांची टोपली नाल्यात जावो! चिमटा काढतं का सांडशी लावतं?

प्रयागबाई : पाह्यलं? दुखते तिले. बोट जित्तं हाय. आन महारोग असता तं काय झालं असतं? काकाले म्या जेवू घातलं, माह्यं काय झडलं?

मनकर्णा : माह्या बटव्यातलं डाक्टरचं पत्र दे तिले, मावशी. मॅट्रिक हाय ते, वाचू दे.

गोपिका : स्क्ले... स्क्लेरोडर्मा. खाली मराठीत लिहिलं आहे. ‘हा आजार स्पर्शाने, सहवासाने किंवा एकत्र जेवल्याने दुसऱ्यास होत नाही.’ बाई, हे तुम्ही दाखवलं का नाही?

मनकर्णा : विचारलं कोणं? दिवाळीले तुनं माह्या हाती पत्रावळ दिली, बाकीच्याईले ताटं. म्या म्हटलं, चला, घासणं वाचलं.

प्रयागबाई : पन हाय काय हे? नाव तं मडमेचं वाटते.

मनकर्णा : कातडीखाली जो चिकट धागा असते ना, तो शरीर उगाच जास्तीचा बनवते म्हणे. बाहेर बनवला तं हात लाकूड. आत बनवला तं फुप्फुस, मूत्रपिंड. मले चार पायऱ्या चढल्या का धाप लागून राहिली. डाक्टरले विचारलं, किती दिवस? तो म्हणे, कोणी वीस वर्सं काढते, कोणी दोन. म्या म्हटलं, बापा, एक लगन पाहू दे, मंग हिशोब कर.

गोपिका : ...भाऊजींना माहीत आहे?

मनकर्णा : मोरीत काय उगाच गेले होते?

प्रयागबाई : पावणेतीन मापाची बांगडीबी नाई जात वं. साबन लावला, तेल लावलं. जोर केला तं काच घुसन.

मनकर्णा : राहू दे मावशी. बोडक्या हातानं मांडवात गेली तं वर्ध्याच्या आत्याले दुसरा रोग सापडन.

प्रयागबाई : त्या आत्याचंच पाहतो मी आता. तिचा हात हाती घेतो, आन मंग सांगतो, आत्ताच मनकर्णेचा धरून आली. पाहू, चुडा भरते का पळते!

गोपिका : नको, मावशी. तुम्ही काही बोलू नका. त्यांना मी सांगते. चूक माझी झाली, तोंडही माझंच उघडू द्या.

मनकर्णा : उघड बापा. तुह्यं उघडते.

गोपिका : हात द्या, बाई. या पेचाच्या पाटल्या आहेत, सासूबाईंच्या. पेच काढला की उघडतात, मनगटावरून सरकवाव्या लागत नाहीत.

मनकर्णा : अवं, अंगावरच्या काढून? नवरीची माय तू!

गोपिका : मला मावशी काचेच्या भरतील. हलू नका. दुखलं का?

मनकर्णा : दुखलं. पण लाव.

प्रयागबाई : आन नाई आयकलं त्या वर्ध्यावाल्याईनं, तं?

गोपिका : तर वर्ध्याची गाडी सव्वाचारला आहे.

प्रयागबाई : अरे वा रे वा! चालली मी मांडवात. या मागून.

मनकर्णा : गोपिके... लुगडं कोणतं नेसू उद्या?

गोपिका : हिरवं. सकाळी मी येते, निऱ्या घालून देते.