वस्तीच्या विहिरीला येणारा फेस

सन्माननीय अध्यक्ष रूपचंदशेठ, धुळ्याहून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील संचालक मंडळी, आपल्या तापीकाठ शेतकी संघाचे निवृत्त होणारे व्यवस्थापक आणि आजचे सत्कारमूर्ती हिंमतराव नाना, त्यांच्या सौभाग्यवती मीनाकाकू, आणि समोर दाटीवाटीने बसलेल्या गावकरी बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

संघाच्या गोदामामागे मातीचे नमुने तपासायची एक लहानशी खोली आहे. तिथे मी काम करते. मानपत्र वाचायचं काम माझ्याकडे आलं ते माझे उच्चार स्वच्छ आहेत म्हणून. त्याचं श्रेय शाळेचं नाही. पाचवीपर्यंत मी शाळा पाहिलीच नव्हती. वडील आणि जसोदाआत्या घरीच शिकवत. आत्याचं सांगणं असे, वाक्य आधी मनात वाच, पटलं तरच मोठ्याने वाच, नाहीतर विचार. या मानपत्रात लिहिलं आहे, 'नानांनी फवारणीचे पंप धुण्यासाठी पक्का ओटा बांधून गावाचे आरोग्य राखले.' हे वाक्य मला पटलं नाही. मी अध्यक्षांना तसं म्हणाले. ते म्हणाले, "पटायचं काय त्यात? वाचायचं नि खाली बसायचं."

म्हणून मानपत्र टेबलावर ठेवते आणि माझ्या शब्दांत बोलते. आवाज कापला तर सांभाळून घ्यावं.

नानांचं जे चांगलं आहे ते आधी सांगायला हवं. एन्ड्रीन हे कीड मारायचं औषध गावात नवं आलं तेव्हा आपण पंप कुठे धूत होतो, आठवतंय ना? अंगणात. गुरांच्या हौदाशी. दिलवरसिंगभाऊंची म्हैस गेली ती त्याच पाण्याने, असं सगळे म्हणतात. त्या वर्षी नाना दारोदार फिरले. आमच्याही दारात आले होते. शेजारच्या सुपडूभाऊंना म्हणाले, "अरे, जहर गोठामा धोस? उद्या दूध कोन पिई?" सुपडूभाऊ म्हणाले, "नाना, तुम्हीच पिज्यात, तुमनं दुकाननं शे!" सगळे हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी ठरवलं, सगळे पंप एकाच जागी धुवायचे, गावाबाहेर, आणि नुसत्या पाण्याने नाही, धुण्याची पावडर आणि रिठे भरपूर टाकून. फेस जितका जास्त तितकं जहर कमी, अशी आपली समजूत झाली. आता तर शेवटची बादली फेसाची ओतल्याशिवाय कोणी पंप खांद्यावर घेत नाही. ते पाणी कुठे जातं, असं कोणी विचारलं की नाना म्हणत, "काळी माटी शे. समदं धरी ठेवस."

पाहुण्यांच्या माहितीसाठी सांगते, नानांचं हे म्हणणं खरं आहे. काळी माती खरोखर धरून ठेवते. या औषधाचा स्वभाव तेलाचा. पाण्यात ते विरघळायला नाखूष असतं, म्हणून मातीच्या कणांना चिकटून बसतं. पाऊस पडला तरी सहसा हलत नाही. पण भगिनींनो, तेलकट कढई नुसत्या पाण्याने निघते का? आणि साबण लावला की? साबणाचं एक अंग तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. कढईचं तेल जसं पाण्याबरोबर वाहून जातं, तसं मातीने धरलेलं जहर साबण सोडवून घेतो आणि खाली घेऊन जातो.

मी हे पुस्तकावरून बोलत नाही. तळाला भोकं पाडलेल्या डब्यांत आपल्याच शिवारातली माती भरली. दोन डब्यांत सारखं एन्ड्रीन ओतलं. एकावर साधं पाणी सोडलं, दुसऱ्यावर ओट्यावर वापरतात तसं फेसाचं. तिसऱ्या डब्यात नुसती माती, तिच्यावरही फेसाचं पाणी, कारण अळ्या साबणानेच मेल्या असं उद्या कोणी म्हणायला नको. खाली झिरपलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या सोडल्या. साध्या पाण्यातल्या वळवळत राहिल्या. तिसऱ्यातल्याही राहिल्या. एन्ड्रीन आणि साबण एकत्र असलेल्या डब्याखालच्या सगळ्या तळाशी गेल्या. माझा विश्वास बसेना, म्हणून सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच.

एक गोष्ट माझ्या म्हणण्याला अडचणीची आहे, तीही सांगते. साबण अगदी थोडा असेल तर औषध उलट मातीला जास्तच चिकटतं. मला तसंही दिसलं. म्हणून फवारणीच्या पाण्यात चिमूटभर साबण घालणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. मी बोलते आहे ते एकाच जागी, रोज, बादल्याच्या बादल्या ओतलेल्या फेसाबद्दल.

आणि ती जागा कोणती? ओटा उतारावर आहे. उताराच्या पायथ्याशी मजुरांच्या वस्तीची विहीर आहे. मिरची तोडायला सातपुड्यातून, मोलगीकडून येणारी माणसं तिथलंच पाणी पितात. रेवाबाई मला म्हणाली, "पानीले फेस येस, बाई. पोरे पीतस नी वकाऱ्या काढतस. आम्हले वाटनं, कोनी तरी कपडा धोयात." मी बघायला गेले. ओट्याखालच्या चरात बेडकं उताणी पडली होती, पोटं फुगलेली, त्यांच्यावर निळसर फेस. औषधातल्या तेलाचा तो उग्र, गोडसर वास. आणि विहिरीवर रेवाबाईची धाकटी पोर ओंजळीने फेस बाजूला सारून घागर बुडवत होती.

पोरांच्या उलट्या त्यानेच होतात, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. त्यासाठी डॉक्टर हवा. पण त्या विहिरीच्या पाण्यातही मी अळ्या सोडल्या. त्या जगल्या नाहीत.

हे मी संचालक मंडळाला सांगितलं. बेडकांची किळस त्याच दिवशी गेली. त्या बैठकीत जे ऐकलं त्याची अजून गेलेली नाही. आपण इथे माझ्या शेजारीच बसला आहात, रूपचंदशेठ, म्हणून आपल्या देखत सांगते. आपण म्हणालात, "त्यांना काय चव कळते? महूची दारू प्यायची जीभ ती." आणि मंडळी हसली. चहा आला. चहाबरोबर शेवही आली आणि सगळ्यांनी ती खाल्ली.

नाही, मला बोलू द्या. थोडंच राहिलं आहे.

एरवी या गोदामात पिण्याचं पाणी त्याच विहिरीचं येतं. आज पाहुण्यांपुढचे तांबे नंदुरबार स्टेशनच्या नळावरून भरून आणले आहेत. का आणले? मला कळलं नाही असं नाही. चव न कळणाऱ्यांसाठी एक पाणी आणि भाषण करणाऱ्यांसाठी दुसरं. हे ज्यांनी ठरवलं, त्यांना ओट्याखाली काय चाललंय ते माझ्याआधी माहीत होतं.

नाना, आपल्याला माहीत नव्हतं. आपण त्या बैठकीला तापाने आला नव्हतात. मला आजच्याआधी आपल्याकडे यायचं होतं, पण सत्काराच्या तयारीत आपल्या घरी सतत माणसं होती आणि मला आपल्या वाड्यावरून दोनदा परत पाठवलं. म्हणून सर्वांसमोर विनंती करते. सभा संपली की आपण ओट्यावर जाणार, कोनशिलेवरचा पडदा ओढणार आणि उद्यापासून आपल्या एका गावाऐवजी आठ गावांचे पंप तिथे धुतले जाणार. तो पडदा ओढू नका. आपलं नाव असलेल्या दगडाखालून हे पाणी वस्तीच्या घागरीत जाऊ देऊ नका.

नाना काहीतरी विचारत आहेत. जरा शांत राहता का?

"वस्तीवरनं कोनी उना शे का सभामा?"

नाही, नाना. कोणी नाही. त्यांना बोलावणंच गेलेलं नाही.

"नी आज त्या कथलं पानी पी ऱ्हायनात?"

त्याच विहिरीचं, नाना. दुसरं जवळ नाही.

अध्यक्ष महोदय, नाना शाल खुर्चीवर ठेवून खाली उतरले आहेत. त्यांना अडवू नये, ही विनंती. मागे बसलेल्या गड्यांना ते वस्तीसाठी पाणी आणायला बैलगाडीवर टाक्या चढवायला सांगत आहेत, मला इथून ऐकू येतंय. सुपडूभाऊ, तुम्ही उठलात, आभारी आहे. टाक्या मात्र संघाच्या औषधाच्या घेऊ नका. त्या कितीही धुतल्या तरी घेऊ नका. आमच्या घरचे दोन हंडे मी देते.

मलाही त्यांच्याबरोबर जायचं आहे, तेव्हा आवरतं घेते. आपण मला बोलू दिलंत, निदान उठवून लावलं नाहीत, याबद्दल सभेची ऋणी आहे. वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढला असेल, कुणाचं नाव घेताना अदब सुटली असेल, तर लेक समजून पोटात घाला. पाण्याबद्दल जे बोलले त्यातला शब्द मात्र मागे घेत नाही. त्या विहिरीचं पाणी आता भरू नका, हे वस्तीवर कोणीतरी सांगायला हवं, आणि दुपारची पाणी भरायची वेळ झाली आहे.