मग कापलात कशाला?

— नाही हो ताई, तो नको. देठाशी वास घेऊन बघा. येतोय? नाही येत. अजून आढीत राहू दे त्याला — आढी म्हणजे हे गवत हो, आंबा उतरवला की यात निजवायचा, तो तयार व्हायचा तेव्हा होतो, आपण घाई करून काय उपयोग? गोव्याला निघालात ना? वाटलंच, हातखंब्याला सगळे थांबतात. — काय? मला कुठेतरी बघितलंय? हं. म्हणजे तुम्हीही बघितलीत ती रील. आंबट आजोबा. तोच मी. गोपाळकृष्ण नाव आहे, पण ते कोणाला हवंय?

हसा, हसा, सगळेच हसले. आमच्या शार्दूलने बोलावलं होतं त्या रीलवाल्या बाईला. मुंबईची नोकरी सोडून आला होता मुलगा — बाबा, आता आंबा फोनवर विकायचा, दादरच्या चार बायका शेजारणींना सांगणार, त्यावर किती पेट्या जाणार? ही बाई बोलली की लाखभर लोक ऐकतात. बरं म्हटलं. मुलगा घरी राहतोय, मला आणखी काय हवं होतं? ती आली, बाग फिरली, कलमाखाली उभी राहून बोलली — गोड बोलली हो, खोटं कशाला सांगू — नि निघाली. आता तुम्हीच सांगा, घरी आलेलं माणूस, भर मोसमात, आंबा न खाता पाठवायचं? आढी नुकतीच घातलेली. कुसुम, आमची मंडळी, दारातून खुणा करतेय, नको, नको! पण मला राहवेना. त्यातल्या त्यात पिवळा बघून कापला. तिने फोड तोंडात घातली नि असं तोंड केलं — असं! — झालं. रीलमधून बाग सगळी काढून टाकली, तोंड तेवढं ठेवलं.

मग काय, रीलखाली लोक लिहायला लागले — आंबा बाहेरचा आहे, औषध मारलंय, म्हातारा फसवतो. मीही लिहिलं खाली, शार्दूलकडून शिकून घेतलं — आंबा तयार नव्हता हो. तर विचारतात, मग कापलात कशाला? कापलात कशाला! याला काय उत्तर लिहायचं? कितीदा लिहिलं नि पुसलं. दादरच्या वैदेहीताई, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, नातवंडं वाढली त्यांची आमच्या आंब्यावर — त्यांचाही फोन, काका, यंदा राहू दे. शार्दूल गेला परत. नाही, भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. फोन करतो की. आईला करतो. माझी तब्येत कशी आहे ते तिलाच विचारतो, मी शेजारी बसलेला असतो.

जाऊ दे. हा बघा — हा झालाय. आला ना वास? इतक्या लांबून आला! सुरी कुठे ठेवली मेली... हां. बसा हो, पैसे कोण मागतंय, अशी फोड तुम्हाला —

ताई, तो फोन कशाला वर केलात?

चांगलंच सांगणार? तीही चांगलंच सांगायला आली होती. नाही, राहू दे. ठेवला बघा परत गवतात. पुढच्या मांडवात कापून देतात, तिथे खा. आमच्याकडे चाखायला देत नाहीत. निघा तुम्ही, ऊन वाढतंय.