एकाच दिशेचे ओरखडे

— नाही नाही, मॅडम, काठाला धरू नका, दोन्ही हात खालून घाला — हां, असं. हलका आहे ना? चीनच्या बादशहाच्या जेवणघरातला वाडगा, तीनशे वर्षांचा, आणि आज बसलाय इथे दुबईत, रास अल खोरच्या गोडाउनमध्ये, टायरवाल्याच्या शेजारी! जोडीतला दुसरा तिकडे पेटीत आहे. फुलं बघा — ही कमळं, ही शेवंती, आणि ही मोठी गुलाबी, तिला पिओनी म्हणतात, आपल्याकडे होत नाही. बुडाला सहा निळी अक्षरं आहेत ना, तो बादशहाचा शिक्का. तुम्ही पुण्याच्या ना? मी श्रीवर्धनचा, मुनीर. शेठचं गोडाउन मीच सांभाळतो. माल तपासायला आपलं माणूस आलं की बरं वाटतं, मराठीत बोलता येतं. घरी माझी फिझा — मी मराठीत काही विचारलं की म्हणते, ‘अब्बा, इंग्लिश प्लीज.’ चहा घ्या. ते भिंग ठेवा की जरा बाजूला. — काय? ओरखडे? असणारच हो, तीनशे वर्षांत चमचा लागला नसेल का — सगळे एकाच दिशेला?

हळू बोला, मॅडम. वेदांगही हेच म्हणाला होता. तुमच्याच ऑफिसचा ना तो, तुमच्या आधी आलेला? याच टेबलाशी बसून म्हणाला — मुनीरभाई, वापरून पडलेले ओरखडे वेडेवाकडे असतात, हे कुणीतरी पॉलिश पेपरने घासून पाडलेत, माल नवा आहे. मला म्हणाला ते ठीक, पण शेठच्या तोंडावरही म्हणाला. हसत हसत. पोरगा सरळ होता. शेठही हसले. म्हणाले, यल्ला, चला खोर फक्कानला, समुद्रावर मासे खाऊ, वाद कशाला घालायचा. आणि मग तिथे तो — पोहायला गेला आणि बुडाला, तुम्हाला कळलंच असेल. लाटा फार होत्या. म्हणजे लाटा कसल्या, पाणी अगदी ताटासारखं होतं — असं ऐकलं मी. — पोहता येत नव्हतं? माहीत आहे मला, बोटीत चढतानाच घाबरला होता, माझा हात सोडेना, म्हणे मुनीरभाई, गुडघाभर पाण्याच्या पुढे मी कधी —

कुठली बोट? मी बोट म्हटलं?

बसा. मॅडम, बसा, दाराकडे बघू नका, शटर धूळ येते म्हणून खाली घेतलंय. मी वाईट माणूस नाही हो. बोट मला चालवता येते म्हणून मला नेलं, मी पुढे बघून चालवत होतो. मागे आवाज आला तेव्हाही वळलो नाही. वळून काय केलं असतं? माझा व्हिसा शेठच्या हातात, बायको-पोरगी इथे — वळायला हवं होतं, हे मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?

ते जाऊ द्या. आता ऐका. उद्या गिऱ्हाईक येतंय. त्याआधी आज शेठ तुम्हाला एवढंच विचारतील, वाडगे खरे की खोटे. तुम्ही म्हणायचं, खरे. खलास. मग मी स्वतः तुम्हाला डिस्कव्हरी गार्डन्सला तुमच्या घराच्या दारापर्यंत सोडतो, मिळेल त्या विमानाने पुण्याला जा, आणि तिथे पोचून कुणाला काय सांगायचं ते सांगा. माझं नाव घ्या — घ्या, चालेल मला. पण इथे नाही. या टेबलाशी नाही. — मान हलवू नका, मॅडम. तुमच्या पाया पडतो. खोटं बोलायचं जिवावर येतं, कळतं मला, पण एक शब्द, फक्त एक —

शेठची गाडी थांबली. नाही, हॉर्न नाही देत ते. भिंग पर्समध्ये टाका. आधी वाडगा खाली ठेवा. डोळे पुसा.

— सलाम, शेठ, या. झालं, बघून झालं मॅडमचं. दोन्ही बघितले, हो, नीट बघितले. काय म्हणाल्या? — त्याच सांगतील ना.

सांगा, मॅडम.